बीएएमएसनंतर एमपीएच करावं का? खानापूरहून आलेल्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. खानापूर तालुक्यातल्या गावात दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढे बीएएमएस, सध्या बेळगावातल्या एका खासगी हॉस्पिटलात आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, म्हणून रात्रपाळ्या. वय २९. आयुर्वेदातल्या एमडीची प्रवेश परीक्षा दोनदा दिली, हवा तो विषय मिळाला नाही. आता मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, म्हणजे एमपीएच करावं असं मनात आहे. घरचे विचारतात, ‘दोन वर्षं आणि एवढे पैसे घालून डॉक्टर म्हणून तुझं वाढणार काय?’ शिवाय बेळगावातच शिकावं की बाहेर जावं, नोकरी इकडे मिळेल की महाराष्ट्रात, आणि सीमाभागातली असल्याने कन्नड जेमतेम येतं त्याचं काय करायचं, हेही विचारलं आहे. मी स्वतः बीएएमएस करून एमपीएचकडे वळले, पुढे साथसर्वेक्षण आणि माता-बाल आरोग्याच्या प्रकल्पांत काम केलं आणि अजून करते आहे. त्या अनुभवावरून सांगते.

घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते सरळ आहे. डॉक्टर म्हणून काहीही वाढणार नाही. एमपीएच झाल्यावर एकही नवं औषध लिहिण्याचा अधिकार मिळत नाही. पाटीवर ही अक्षरं रंगवली म्हणून पेशंट वाढत नाहीत. एमबीबीएसवाले कम्युनिटी मेडिसिनमध्ये एमडी करतात, त्याच्याशीही याची गल्लत करू नका. ती वैद्यकशाखेची पदवी आहे, नीट-पीजीतून मिळते, आणि मेडिकल कॉलेजात त्या विभागाचे प्राध्यापक व्हायची मुख्य वाट तिच्यातून जाते. एमपीएचला बीएएमएस, बीडीएस, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपीचे लोक येतात, बऱ्याच ठिकाणी समाजकार्य किंवा संख्याशास्त्र शिकलेलेही येतात. तुमच्या बाकावर समाजकार्याची पदवी घेतलेली मुलगी बसेल आणि पहिल्या सहामाहीत तुमच्यापेक्षा चांगले प्रश्न विचारेल. ‘मी डॉक्टर आहे’ हे तिथे कुणाला फारसं महत्त्वाचं वाटत नाही. हे पटणार नसेल तर इथेच थांबलेलं बरं.

मग शिकायचं काय? त्यासाठी आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. २००२ ते २००५ या काळात बेळगावच्या ग्रामीण भागात जेएनएमसी या इथल्या मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर एक अभ्यास केला, तो २००६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव हे आपल्याकडे माता दगावण्याचं मोठं कारण. त्यावरचं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन थंड ठेवावं लागतं आणि ते टोचायला शिकलेला हात लागतो. मिसोप्रोस्टॉलची गोळी मात्र तोंडाने घेता येते, तिला फ्रीज लागत नाही. म्हणून प्रश्न असा घेतला: घरी किंवा उपकेंद्रात एएनएमबाई, म्हणजे गावपातळीवरच्या आरोग्यसेविका, जी बाळंतपणं करतात, तिथे ही गोळी दिली तर रक्तस्राव कमी होतो का? १,६२० बायका अभ्यासात आल्या. साधारण निम्म्यांना औषध, उरलेल्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. कुणाला काय मिळालं हे बाळंतिणीलाही ठाऊक नाही आणि एएनएमबाईंनाही नाही. बिनऔषधाची गोळी घेतलेल्यांत १२ टक्के बायकांना अतिरक्तस्राव झाला, औषध घेतलेल्यांत ६.४ टक्के.

या अभ्यासात मला गोळीहून जास्त आवडते ती रक्त मोजायची पिशवी. तोवर बाळंतपणात किती रक्त गेलं हे बहुतेक ठिकाणी डोळ्यांनीच ठरायचं, आणि रक्त जास्त गेलेलं असतं तेव्हा नजरेचा अंदाज हटकून कमी भरतो. इथे बाळंतिणीखाली प्लास्टिकचं एक कापड अंथरलं जायचं, त्याला खाली निमुळती पिशवी आणि पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा. म्हणजे उपकेंद्रातल्या बाईंनीही तेवढ्याच नेमकेपणाने मोजलं, जेवढं मोठ्या हॉस्पिटलात मोजता आलं असतं. अशी पिशवी नसती तर १२ आणि ६.४ हे आकडेच हाती आले नसते.

आता हिशेब करा. १२ मधून ६.४ गेले, उरले ५.६. शंभराला ५.६ ने भागलं की जवळजवळ १८ येतात. म्हणजे १८ बायकांना गोळी दिली की एकीचा अतिरक्तस्राव टळतो. इथून पुढचे प्रश्न डोक्यात आपोआप यायला लागतात. तालुक्यात वर्षाला अशी बाळंतपणं किती? गोळ्या कुणाकडे ठेवायच्या, एएनएमकडे की आशाताईंकडे? पोटात जुळं असेल आणि पहिलं बाळ झाल्यावर कुणी घाईने गोळी दिली तर? गोळी आहे म्हणून हॉस्पिटलात न्यायला उशीर होईल का? २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अतिरक्तस्राव टाळण्यासाठी मिसोप्रोस्टॉलचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला, तोवर असल्या प्रश्नांवर कितीतरी लोकांनी काम केलं होतं.

हे वाचताना तुमचं मन पुढच्या हिशेबाकडे धावलं असेल तर एमपीएच करा. ‘त्या ६.४ टक्क्यांतल्या बाईजवळ मी असायला हवं होतं’ असं आधी वाटलं असेल तर तुमचा पिंड दवाखान्याचा आहे. मग एमडीची तिसरी खेप द्या, किंवा गावात बसा. खानापूरच्या जंगलपट्ट्यात डॉक्टरांची रेलचेल नाही. एमडी हुकलं म्हणून एमपीएच घेतलेली मुलं मी पाहिली आहेत. दुसऱ्या सहामाहीत त्यांची चिडचिड सुरू होते, कारण पेशंट दिसत नाही, तक्ते दिसतात.

अभ्यासक्रमाबद्दल फार लिहीत नाही, तो कुठल्याही विद्यापीठाच्या पत्रकात मिळेल. दोन वर्षं, चार सहामाह्या, शेवटी प्रबंध. साथरोगशास्त्र आणि जैवसंख्याशास्त्र हे दोन कणे, बाकी आरोग्यव्यवस्था, अर्थकारण, पर्यावरण, समाजशास्त्र वगैरे. आपले बीएएमएसवाले अडतात ते संख्याशास्त्रात. बारावीनंतर गणिताला कुणी हात लावलेला नसतो. प्रवेशाआधी एक काम करा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीच्या, म्हणजे २०१९ ते २१ च्या, जिल्हावार माहितीपत्रिका फुकट मिळतात. बेळगावची आणि कोल्हापूरची पत्रिका शेजारी शेजारी ठेवा. बायकांमधला पंडुरोग, अठराच्या आत झालेली लग्नं, संस्थेत झालेली बाळंतपणं, मुलांचं पूर्ण लसीकरण एवढ्याच ओळी बघा. कुठे फरक आहे, कुठे नाही, आणि का असेल, यावर दोन पानं लिहून काढा. ती दोन पानं लिहिताना कंटाळा आला की मजा आली, हे प्रवेश परीक्षेच्या गुणांहून जास्त खरं सांगेल. संगणकावर ‘आर’ आणि ‘एपी इन्फो’ ही आकडेवारीची दोन्ही साधनं मोफत आहेत, तोंडओळख करून ठेवा.

आता तुमच्या हाती असलेली एक गोष्ट, जी तुम्ही प्रश्नात उणीव म्हणून लिहिली आहे. तुम्ही सीमाभागातल्या आहात. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने आपला पट्टा फार शिकवणारा आहे, कारण रोग्यांना राज्याची हद्द कळत नाही आणि नोंदवह्यांना हद्दीपलीकडचं कळत नाही. अथणी, कागवाड, रायबागकडचा माणूस मोठ्या दुखण्याला मिरज गाठतो. चंदगडचा माणूस बेळगावला येतो. खानापूरची सून पहिल्या बाळंतपणाला चंदगड तालुक्यातल्या माहेरी जाते. बाळंतपण तिकडे, घर इकडे, बाळाचे पहिले डोस तिकडे, पुढचे इकडे. आता लसीकरणाची टक्केवारी काढायची तर हे बाळ कुणाच्या छेदात, म्हणजे एकूण बाळांच्या आकड्यात, धरायचं? कधी ते दोन्हीकडे मोजलं जातं, कधी कुठेच नाही. तीच गत ऊसतोड कामगारांच्या मुलांची. गळीत हंगामात टोळ्या चिक्कोडी-अथणीकडच्या कारखान्यांवर येतात, फडात राहतात, हंगाम संपला की जातात. आशाताईंच्या यादीत ती घरं नसतात.

माकडताप घ्या. क्यासनूर जंगलातला हा आजार १९५७ साली शिवमोगा जिल्ह्यात सापडला. गोचिडीच्या चाव्यातून होतो. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली. गोव्यातल्या काजूच्या बागांत काम करणाऱ्या मजुरांमध्येही तो आढळला. घाटमाथ्याची माणसं काजूच्या हंगामात खाली उतरतात हे तुम्हाला मी सांगायला नको. गोचीड चावते एका राज्यात, ताप चढतो दुसऱ्या राज्यात, आणि रक्ताचा नमुना जातो तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत. एस, पी आणि एल हे सर्वेक्षणाचे तीन फॉर्म तुम्ही ऐकले असतील: लक्षणांवरून संशय, डॉक्टरचं निदान, प्रयोगशाळेची खात्री. तिन्ही पायऱ्या वेगवेगळ्या जिल्ह्यांत घडल्या तर साथ सुरू झाली हे कुणाच्या लक्षात येणार? अशा वेळी जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्याला फोन करून ‘पलीकडे विचारा’ म्हणणारं माणूस लागतं, आणि पलीकडे मराठीत, अलीकडे कन्नडात बोलू शकणारं लागतं. दिल्लीत शिकून आलेला हुशार मुलगा हे काम करू शकत नाही. निप्पाणीत विड्या वळणाऱ्या बायकांच्या श्वासाच्या आणि सांध्यांच्या तक्रारी विचारायला बसलात तर घरात मराठीत बोलाल आणि अहवाल कन्नडात द्याल.

प्रबंधाला विषय शोधत असाल तर आणखी एक. महाराष्ट्र सरकारने आपली महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या, महाराष्ट्र हक्क सांगतो त्या ८६५ गावांना लागू करण्याचं २०२३ मध्ये जाहीर केलं, कर्नाटकाने त्याला आक्षेप घेतला, आणि त्यावर दोन्हीकडे भाषणं झाली. भाषणं सोडा. एखाद्या गावात घरोघर जाऊन विचारा: गेल्या वर्षात कुणाला भरती व्हावं लागलं, कुठल्या गावी गेलात, कोणतं कार्ड होतं, ते चाललं का, खिशातून किती गेले, कर्ज काढलं का. शंभर-दीडशे घरांची अशी पाहणी एका विद्यार्थिनीला जमण्यासारखी आहे. फक्त विषय मांडताना राजकारणाची बाजू घेऊ नका. संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीतही विषय अडेल आणि गावातही तोंडं मिटतील.

बेळगावात की बाहेर? बेळगावात केएलई विद्यापीठाचा एमपीएच अभ्यासक्रम आहे, आणि वर सांगितलेल्या अभ्यासासारखी क्षेत्रीय कामं ज्या जेएनएमसीत झाली तिथेच तो चालतो. घर जवळ, गावं ओळखीची. शिवाय नेहरूनगरातच आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था आहे, बीएएमएसवाल्यांनी तिच्याकडे जरूर बघावं. बाहेरच्यांत तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतलं अच्युत मेनन केंद्र जुनं आणि कसून शिकवणारं. देशात एमपीएचची सुरुवात १९९७ मध्ये तिथेच झाली. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, तिथला कल समाज आणि धोरणाकडे. पुणे विद्यापीठात आरोग्यविज्ञानाची आंतरविद्याशाखीय शाळा आहे. चेन्नईत आयसीएमआरची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था, गांधीनगर आणि हैदराबादला भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्था, मणिपाललाही स्वतंत्र विभाग. सरकारी आणि खासगी फीमध्ये कैक पटींचं अंतर असतं आणि प्रवेशाची पद्धत दर एक-दोन वर्षांनी बदलते, म्हणून त्या त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचा, ओळखीच्यांच्या सांगण्यावर जाऊ नका.

माझं मत विचाराल तर, शाळा, बीएएमएस आणि नोकरी सगळं बेळगाव-खानापुरात झालेल्या माणसाने ही दोन वर्षं बाहेर काढावीत आणि प्रबंधाला परत आपल्या तालुक्यात यावं. केरळचा प्राथमिक आरोग्य केंद्राचा कारभार जवळून पाहिला की आपल्याकडे काय गृहीत धरलं जातं ते दिसतं. वर्गातली मुलं पुढे दहा राज्यांत पसरतात, तीच पुढच्या नोकऱ्यांची खरी वाट असते. पण घरात म्हातारी माणसं, लहान मूल, पैशाची ओढाताण असेल तर बेळगावात करा, बिनदिक्कत करा, आणि मार्गदर्शक असा निवडा ज्याचं काम गावात चालू आहे. कुठेही अर्ज करण्याआधी तिथल्या शेवटच्या दोन तुकड्यांतल्या माणसांशी बोला आणि एवढंच विचारा: प्रबंधाची माहिती स्वतः गोळा केली की आयती मिळाली? आयती मिळत असेल तिथे जाऊ नका. एमपीएचवर नर्सिंग किंवा दंतवैद्यकासारखी एखादी परिषद डोळा ठेवून नाही, त्यामुळे चांगल्या आणि पोकळ अभ्यासक्रमांची पदवी कागदावर सारखीच दिसते. घरबसल्या पदवी देऊ म्हणणाऱ्यांना तर दारातूनच परत पाठवा.

परदेशाचं विचारलेलं नाही, पण विचाराल म्हणून सांगते. इंग्लंडात एमपीएच एका वर्षात होतं आणि चिव्हनिंगसारखी ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती पूर्ण खर्च उचलते, मात्र तिला किमान दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. कर्ज काढून जायचा विचार असेल तर जाऊ नका. इथला पहिला पगार ते कर्ज फेडू शकत नाही.

पगाराचं स्पष्टच बोलू. पहिली नोकरी बहुधा राष्ट्रीय आरोग्य अभियानातली कंत्राटी असेल, किंवा एखाद्या संशोधन प्रकल्पातली, आणि पगार तुमच्या आताच्या आरएमओच्या पगाराच्या आसपासच असू शकतो. फरक चार-पाच वर्षांनी पडतो, तोही काम दाखवता आलं तर. जिल्हा कार्यक्रम व्यवस्थापक, साथरोगतज्ज्ञ, क्षयरोग, एचआयव्ही, तंबाखू नियंत्रणाचे सल्लागार, अशी पदं दोन्ही राज्यांत निघतात. कंत्राट दरवर्षी नूतनीकरणाचं, प्रकल्प संपला की प्रकल्पातली खुर्चीही जाते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात राज्यांनी सार्वजनिक आरोग्याचा वेगळा संवर्ग उभारावा असं म्हटलं आहे. त्या भरवशावर मात्र गृहकर्ज काढू नका.

म्हणून माझा आग्रह असा की उद्याच एमपीएचचा अर्ज भरू नका. आधी रात्रपाळ्या सोडून वर्षभर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकात जा. त्या पथकांत आयुषचे डॉक्टर घेतात. अंगणवाड्या आणि शाळांतून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करायची, दोष सापडला की पुढे पाठवायचं. पाठवलेल्या मुलांपैकी किती जण खरोखर पुढच्या हॉस्पिटलात पोचतात, हा हिशेब पहिल्या महिन्यापासून स्वतःच्या वहीत ठेवा, नावं न लिहिता. मुलाखतीत ती वही बोलेल. महाराष्ट्राच्या बाजूला बीएएमएसवाल्यांना समुदाय आरोग्य अधिकारी म्हणूनही घेतलं गेलं आहे. कर्नाटकात त्या पदावर भर नर्सिंगच्या मुलींचा आहे.

कन्नडाचं. मराठी शाळेत शिकलेलं कन्नड वाचायला पुरतं, बाजारात बोलायलाही पुरतं. पण टीएचओंच्या, म्हणजे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या, मासिक बैठकीचं इतिवृत्त लिहायला बसलं की पेन अडतं. कर्नाटकात सरकारी कामाला लिहितं कन्नड लागतंच, दुसरा मार्ग नाही, आणि त्याबद्दल मनात अढी ठेवून काही मिळत नाही. आशाताई गावात मराठीत बोलतात आणि वही कन्नडात भरतात. होय की, त्यांना जमतं तर आपल्याला का नाही जमणार? त्यांच्याच वह्या समोर ठेवून शिका, सहा महिन्यांत शब्द बसतात, कारण शब्द मोजकेच असतात: गरोदर नोंदणी, वजन, लस, ताप, रेफर. सही करण्यापुरतं कन्नड ठेवलं तर तुम्ही कायम दुसऱ्याच्या अहवालावर अवलंबून राहाल. एक कानावर घालते: राज्यघटनेच्या ३७१ (जे) कलमाखालचं आरक्षण कल्याण कर्नाटकातल्या बिदर, कलबुर्गी वगैरे जिल्ह्यांना आहे, बेळगावला नाही. ते धरून गणित मांडू नका.

महाराष्ट्राच्या बाजूला अर्ज करायचा असेल तर तिथल्या बऱ्याच सरकारी भरत्यांत सीमाभागातल्या ८६५ गावांच्या मराठी भाषिक उमेदवारांना अधिवासाच्या अटीत सवलत असते, पण १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. आपलं गाव त्या यादीत आहे का ते आधी बघा. जाहिरात निघाल्यावर मुदत दोन-तीन आठवड्यांची असते आणि तहसील कार्यालयातून कागद निघायला तेवढाच वेळ लागतो. शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं गुणपत्रक, घराचा उतारा आणि रेशनकार्डाच्या जुन्या प्रती याच महिन्यात जमवून ठेवा. आधार आणि दहावीच्या गुणपत्रकात नावाचं स्पेलिंग वेगळं असेल, आपल्याकडे बहुतेकांचं असतं, तर तेही आताच दुरुस्त करून घ्या.